११३ वर्षं हरवलेला रानपिंगळा सापडला, पण आता त्याचं 'लोकेशन' विचारू नका

इन्स्टाग्रामवर कुणी घुबडाचा भारी फोटो टाकला की खाली कमेंट काय पडतात ते बघा. पहिली "जबरदस्त क्लिक दादा" आणि दुसरी "लोकेशन प्लीज".

ही दुसरी कमेंट मीपण केलेली आहे. एका अनोळखी फोटोग्राफरच्या पोस्टखाली. निष्पर्ण सागाच्या फांदीवर, सकाळच्या उन्हात बसलेलं एक छोटंसं घुबड, पिवळेजर्द डोळे थेट कॅमेऱ्यात. उत्तर आलं, "सॉरी, नाही सांगणार." तेव्हा वाटलं, काय हा भाव खातोय. मग त्या पक्ष्याविषयी वाचायला घेतलं, आणि कळलं की याच पक्ष्याच्या बाबतीत एका माणसानं एकदा लोकेशन खोटं सांगितलं होतं. त्याची किंमत पुढची कित्येक वर्षं मोजावी लागली.

तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. काही जण त्याला वनपिंगळा म्हणतात. आज त्याचीच गोष्ट, आणि सोबत त्याला बघायचं आणि त्याचा फोटो काढायचा तर नीट कसा काढायचा, हेही.

आधी ओळख करून घेऊ

साधा पिंगळा तुम्ही पाहिलेला असणारच. गावात जुन्या आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या ढोलीत राहतो, दिवेलागणीला तारेवर येऊन बसतो आणि भांडण लागल्यासारखा चिरक्या आवाजात कलकलाट करतो. पहाटे कंदील घेऊन दारोदार फिरणाऱ्या पिंगळा जोशीला ज्या पक्ष्याची भाषा कळते असं मानलं जायचं, तोच हा.

रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद. उंची साधारण २३ सेंटीमीटर, म्हणजे शाळेच्या कंपासमधल्या नाही, पण दप्तरातल्या फूटपट्टीपेक्षा नक्कीच कमी. पण डोकं, चोच आणि नख्या अंगाच्या मानानं दांडग्या. सरडे, उंदीर, मोठे किडे, कधी छोटे पक्षी, असं सगळं तो मारतो. आकार लहान, पण पक्का शिकारी.

हा पक्षी फक्त मध्य भारतात सापडतो. भारताबाहेर जगात कुठेच नाही. आययूसीएनच्या लाल यादीत तो आधी 'अतिसंकटग्रस्त' गटात होता. नव्या जागा सापडत गेल्यावर २०१८ मध्ये त्याला एक पायरी खाली, म्हणजे 'संकटग्रस्त' गटात आणलं. तरी प्रौढ पक्ष्यांची अंदाजे संख्या हजाराच्या आतच धरली जाते.

मग तो हरवला कसा?

गोष्ट सुरू होते डिसेंबर १८७२ मध्ये. आजच्या छत्तीसगडमधल्या बसना परिसरात एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हा पक्षी मिळाला. त्यानं तो पाठवला अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. हो, काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात नाव येतं तेच ह्यूम. ते त्या काळातले मोठे पक्षीतज्ज्ञसुद्धा होते. त्यांनी १८७३ मध्ये या नव्या प्रजातीचं वर्णन छापलं आणि ब्लेविटच्या नावावरून तिला 'ब्लेविटी' हे शास्त्रीय नाव दिलं.

त्यानंतर सीन येतो आपल्या खानदेशात. जेम्स डेव्हिडसन नावाचे इंग्रज सनदी अधिकारी इथे नेमणुकीवर होते. त्यांनी १८८० च्या दशकात शहादा-तळोद्याच्या जंगलातून या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले. त्या काळी पक्षी अभ्यासायचा म्हणजे तो मारायचा, कातडं काढून आत कापूस भरायचा आणि संग्रहालयाला द्यायचा, अशीच पद्धत होती. शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा. त्यानंतर सगळं शांत.

जगभरातल्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे फक्त सात नमुने उरले. त्यातले सहा एकोणिसाव्या शतकातले. सातवा मात्र वेगळा होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं तो आपण ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातमधल्या तापीकाठच्या मांडवीला मिळवला, असं लिहून ठेवलं होतं.

माइनर्ट्झहागन हे पक्षीशास्त्रातलं मोठं नाव. त्यामुळे शंका कोण घेणार? विसाव्या शतकातली या पक्ष्याची हीच एकमेव नोंद असल्यानं शोधायला जाणाऱ्यांनी साहजिकच ती महत्त्वाची धरली. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनीही या पक्ष्याचा शोध घेतला. हाती काहीच लागलं नाही. पक्षी बहुतेक संपला, असं लोक म्हणायला लागले.

आणि मग एक चोरी उघड झाली

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या पुस्तकासाठी संग्रहालयातले जुने नमुने तपासत होत्या. तपासता तपासता त्यांच्या लक्षात आलं की माइनर्ट्झहागनच्या नमुन्यांत काहीतरी गडबड आहे.

रानपिंगळ्याचा तो सातवा नमुना त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी बारकाईनं पाहिला. एक्स-रे काढले, भरण्याची पद्धत पाहिली. प्रत्येक संग्राहकाची कातडं भरायची एक ढब असते, अगदी शिंप्याच्या शिवणीसारखी. हा नमुना नंतर उसवून पुन्हा भरलेला होता, आणि आतली मूळ ढब माइनर्ट्झहागनची नव्हतीच. ती होती डेव्हिडसनची.

म्हणजे झालं काय होतं? डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेला नमुना माइनर्ट्झहागननं ब्रिटिश संग्रहालयातून उचलला, नव्यानं शिवला आणि स्वतःच्या नावाची, खोट्या जागेची, खोट्या तारखेची चिठ्ठी लावून टाकली. १९९९ मध्ये यावरचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

एक खोटी चिठ्ठी. पण त्या चिठ्ठीमुळे शोधाचा नकाशाच चुकला होता.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघांनी मग साधा विचार केला. खोटी नोंद बाजूला ठेवायची आणि जुन्या, खऱ्या नमुन्यांवर ज्या जागा लिहिल्या आहेत तिथेच जायचं. आधी ते पूर्वेकडच्या जुन्या जागांवर फिरले. तिथे काही मिळालं नाही. मग ते शहाद्याला आले.

२५ नोव्हेंबर १९९७. सकाळची वेळ. शहाद्याजवळच्या जंगलात बेन किंग यांना झाडावर एक छोटं घुबड बसलेलं दिसलं. डोक्यावर ठिपके नव्हते. पाय पांढरे, पिसांनी भरलेले. तिघांनी त्याचं चित्रीकरण केलं, फोटो काढले. ११३ वर्षांनी रानपिंगळा परत 'जिवंत' ठरला, आणि तो बंदुकीनं नाही, कॅमेऱ्यानं.

हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

आज तो कुठे दिसतो?

१९९७ नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी सातपुड्यात सर्वेक्षणं केली. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ आणि तळोदा, अमरावती जिल्ह्यातला मेळघाट, शेजारच्या मध्य प्रदेशातली जंगलं इथे तो मिळाला. २०१४ मध्ये तर त्यानं सगळ्यांनाच धक्का दिला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात, सह्याद्रीच्या पट्ट्यात, तो दिसला. पुढे गुजरातच्या डांगमध्येही त्याच्या नोंदी झाल्या.

त्याला घनदाट, काळोखं जंगल नको असतं. सागाचं, पानगळीचं, मधूनमधून मोकळं असलेलं रान आणि घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडं, एवढं त्याला लागतं. नेमकी हीच झाडं तुटतात. अवैध तोड, अतिक्रमण आणि उन्हाळ्यातले वणवे हे त्याचे सगळ्यात मोठे शत्रू आहेत. फोटोग्राफर त्या यादीत बरेच खाली येतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण जिथे आधीच मोजके पक्षी उरलेत, तिथे आपला धक्कासुद्धा छोटा राहत नाही.

ओळखायचा कसा?

पिंगळा आणि रानपिंगळा यांच्यात गफलत होणं अगदी सोपं आहे. जुन्या काळी रानपिंगळा म्हणून गाजलेला एक फोटो नंतर साध्या पिंगळ्याचा निघाला होता. म्हणून या चार गोष्टी बघा.

डोकं: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं राखाडी-तपकिरी आणि जवळपास कोरं असतं.

पंख आणि शेपटी: रानपिंगळ्याच्या पंखांवर आणि शेपटीवर गडद-पांढरे रुंद पट्टे ठळक दिसतात.

छाती आणि पोट: छाती तपकिरी, तर पोटाचा मधला भाग पांढरा, स्वच्छ. त्याच जंगलात राहणाऱ्या जंगली पिंगळ्याचं डोकं आणि अंग मात्र बारीक आडव्या रेघांनी भरलेलं असतं.

सवय: घुबड म्हणजे रात्रीचा कारभार, हे इथे चालत नाही. रानपिंगळा दिवसा बराच सक्रिय असतो. थंडीत सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्याकडे उन्हाला बसतो आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकत राहतो.

म्हणजे त्याला शोधायला रात्री टॉर्च मारत फिरायची गरजच नाही. सकाळी लवकर जायचं, शांत उभं राहायचं आणि उघड्या फांद्या बघत राहायच्या.

फोटो काढायचा तर कसा?

पहिली गोष्ट म्हणजे परवानगी. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. शक्यतो स्थानिक गाइड घ्या. मेळघाटातल्या कोरकू पोरांना कुठल्या झाडावर काय बसतं ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, आणि तुमचे पैसे गावातच राहतात.

लेन्स ४०० ते ६०० मिलिमीटरची असेल तर उत्तम. नसेल तर जवळ जाऊन भरपाई करायची नाही. लांबून काढलेला, आजूबाजूचं रान दिसणारा फोटोही सुंदर असतो. किंबहुना पक्षी कुठे राहतो हे त्यातच कळतं.

पक्षी बसलेला असेल तर सेकंदाच्या १/५०० च्या आसपास शटर स्पीड पुरतो. उडण्याची शक्यता वाटली तर १/२००० पर्यंत वाढवा. आयएसओ वाढला, फोटोत थोडे दाणे आले, तरी चालेल. फ्लॅश मात्र बंद. सूर्य पाठीशी घ्या आणि ऊन कडक व्हायच्या आत काम संपवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅमेऱ्याआधी पक्ष्याकडे बघा. तो निवांत असेल तर इकडेतिकडे मान वळवेल, पिसं साफ करेल, खाली जमिनीवर शिकार शोधेल. तो अचानक अंग आवळून ताठ झाला, डोळे तुमच्यावरच रोखून बसला, मान खालीवर करायला लागला, तर समजा तुम्ही जास्त जवळ आलाय. तिथेच थांबा, हळूच मागे सरका. पक्षी उडून गेला तर त्याच्या मागे धावू नका. त्या दिवसाचा फोटो संपला.

प्लेबॅकमध्ये एवढं काय वाईट आहे?

आता येतो मोबाइलचा विषय. बरेच जण स्पीकरवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतात. पक्षी दोन मिनिटांत समोर येतो, क्लिक होतं, सगळे खूश. मीसुद्धा एका सहलीत हे पाहिलंय, आणि तेव्हा "वा, काय जादू आहे" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

जादू वगैरे काही नसते. घुबडं आपला इलाका राखतात. आवाज ऐकून नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो शिकार सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूला हुसकवायला येतो. तुम्हाला फोटोत जो 'ॲटिट्यूड' दिसतो, तो खरंतर ताण असतो.

रानपिंगळ्याचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या पर्यटनाचा हंगाम. मादी ढोलीत अंड्यांवर बसलेली असते आणि नर तिला खाऊ आणून देतो. नर तुमच्या स्पीकरशी भांडत बसला, तर आत मादी उपाशी. शिवाय घुबड उघड्यावर आलं की बुलबुल, कोतवाल कालवा करत त्याच्यावर तुटून पडतात आणि आसपासच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांना त्याचा पत्ता लागतो. एका ग्रुपनं एकदा वाजवलं तर तो कदाचित सावरेल. पण व्हायरल झालेल्या जागेवर दर शनिवार-रविवार पाच ग्रुप वाजवतात, तेव्हा काय होत असेल?

हेच उंदीर सोडून पक्ष्याला खाली बोलावण्याला लागू. हेच ढोलीसमोरची फांदी 'फ्रेम क्लीन' करायला तोडण्याला लागू. ती फांदी म्हणजे त्या ढोलीचा पडदा असतो.

आणि हा फक्त सभ्यतेचा प्रश्न नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधली 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचा. पक्ष्याला मारणं, पकडणं तर त्यात आहेच. पण आमिष दाखवणं आणि पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही त्यात येतं. म्हणजे हातात बंदूक नसली, नुसता कॅमेरा असला, तरी कायद्याच्या भाषेत माणूस शिकारी ठरू शकतो.

मग लोकेशन सांगायचंच नाही का?

इथे परत माइनर्ट्झहागनकडे येऊ. त्यानं जागा खोटी सांगितली म्हणून शोध भरकटला. म्हणजे खरी जागा नोंदवणं किती मोलाचं आहे, ते दिसतंच. डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवर शहादा लिहिलं नसतं, तर १९९७ ची सकाळ उजाडलीच नसती. तानसातली नोंदही कुणीतरी नीट पाहिलं, फोटो काढला आणि योग्य लोकांना सांगितलं म्हणूनच झाली.

प्रश्न जागा सांगायची की नाही हा नाहीच. कुणाला सांगायची, हा आहे.

वनविभागाला सांगा. संशोधकांना सांगा. ईबर्डसारख्या ठिकाणी नोंद करा. तिथे संवेदनशील यादीतल्या प्रजातींची नेमकी जागा सर्वांना दाखवली जात नाही, पण अभ्यासासाठी माहिती जपली जाते. नोंदीत तारीख, वेळ आणि जागा खरी लिहा. खात्री नसेल तर 'पिंगळा असावा' एवढंच लिहा. चुकीची नोंद केवढ्याला पडते ते आपण पाहिलंच.

सार्वजनिक पोस्टवर मात्र जिल्ह्याच्या किंवा जंगलाच्या नावापुढे जाऊ नका. मोबाइलचं जीपीएस टॅगिंग बंद करा, कारण मूळ फाइल पाठवली की तिच्यासोबत जागाही जाते. घरट्याचा फोटो तर टाकूच नका.

कारण तुमची पोस्ट फक्त पक्षीप्रेमीच बघतात असं नाही. काळ्या जादूसाठी, नवसासाठी घुबडं पकडून विकण्याचा धंदा आपल्या देशात आजही चालतो. ट्रॅफिक इंडिया या संस्थेनं २०१० मध्ये या व्यापारावर अहवाल काढला होता, आणि दिवाळीच्या सुमाराला हा धंदा वाढतो, याचा इशारा वनखाती दरवर्षी देतात. गुडघ्याएवढीही उंची नसलेल्या या पक्ष्याचा पत्ता अशा लोकांच्या हातात देणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

म्हणूनच या लेखातही मी कुठल्या वाडीजवळ, कुठल्या नाल्याकाठी तो दिसतो ते लिहिलेलं नाही.

सुरुवात घरापासून करा

आणि सातपुड्यात धावत जायची घाईही नको. छोटे शिकारी पक्षी तुमच्या आसपासच आहेत. शहरातल्या झाडांवर शिक्रा असतो. शेताच्या तारेवर लाल डोळ्यांची पांढरीशुभ्र कापशी बसते, हवेत एका जागी पंख मारत थांबते आणि उंदरावर सरळ खाली उतरते. बाभळीवर खाटीक असतो, जो मारलेले किडे नि सरडे काट्यांना टोचून ठेवतो. आणि साधा पिंगळा तर तुमच्याच गल्लीत असेल.

महिनाभर रोज संध्याकाळी त्या एकाच पिंगळ्याला बघा. तो किती वाजता बाहेर येतो, कुठल्या तारेवर आधी बसतो, तुम्ही किती जवळ गेलात की ताठ होतो. स्पीकर न लावता, पाठलाग न करता त्याचा एक चांगला फोटो मिळवा. हे जमलं की मेळघाटात जायला तुम्ही तयार झालात.

तो फोटो टाकल्यावर खाली "लोकेशन प्लीज" येईलच. मला जे उत्तर मिळालं होतं, तेच बिनधास्त द्या. समोरच्याला राग आला तर त्याला शहाद्याची गोष्ट सांगा.